हक्क पोहोचवण्याची जबाबदारी

मोहल्ल्यात कोणी आजारी पडले की आपण इयादतीला जातो. सोबत फळे नेतो, शिफा मिळावी म्हणून दुवा करतो. ऑपरेशन मोठे असेल तर जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या दारात रुमाल पसरून पैसेही गोळा करतो. या रिवाजाचा आपल्याला रास्त अभिमान आहे. पण ज्या उपचारासाठी आपण रुमाल पसरतो, त्याचा खर्च शासनाने आधीच कबूल केलेला असेल, तर आपले कर्तव्य नेमके काय?

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ साली महाराष्ट्रातील आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढल्या वर्षी राज्यभर पोहोचली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते आहे. आधी ती मुख्यतः पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेच्या कुटुंबांसाठी होती. २०२३ मध्ये शासनाने ती सर्व कुटुंबांना खुली करण्याचा आणि दीड लाखाचे संरक्षण वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत नेण्याचा निर्णय घेतला. केंद्राची २०१८ ची आयुष्मान भारत योजनाही राज्यात तिच्यासोबतच राबवली जाते. म्हणजे भिवंडीचा लूम कामगार, सोलापूरची विडी कामगार बाई आणि पांढरे कार्ड असलेला चिपळूणचा दुकानदार, सगळे कागदोपत्री विमाधारक झाले.

पण कार्ड आणि खाट यांत बरेच अंतर आहे. प्रत्येक रुग्णालय योजनेत नाही. जे आहे ते प्रत्येक आजारावर उपचार करतेच असे नाही. दाखल होऊन घ्यायच्या ठरावीक उपचारांसाठीच योजना आहे; रोजच्या साखरेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या तिच्यात बसत नाहीत. आरोग्यमित्राच्या टेबलावर कागद द्यायचे, मग मंजुरीची वाट पाहायची. आधार कार्डावर ‘मोहम्मद’ आणि शिधापत्रिकेवर ‘महंमद’ असेल तर तिथेच गाडी अडते. लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव अजून माहेरच्या कार्डावरच असते. आणि रोजंदारीवरच्या माणसाला रुग्णालयातली प्रत्येक फेरी म्हणजे एक बुडालेला दिवस. दोन फेऱ्यांनंतर तो कार्ड पेटीत ठेवतो आणि सावकाराकडे जातो.

आपल्याकडे शिबिरे होतात, कार्डे वाटली जातात, फोटो छापून येतात. तेवढ्याने हक्क मिळाला, असे म्हणता येईल का? या प्रश्नाचे उत्तर शोधायला आपल्याला दूर जावे लागत नाही. हनफी फिक्हमध्ये जकातीसाठी ‘तमलीक’ची अट आहे. गरिबाच्या नावाने रक्कम बाजूला काढली म्हणजे जकात अदा होत नाही; ती त्याच्या ताब्यात, त्याच्या मालकीची व्हावी लागते. सरकारी विमा म्हणजे जकात नव्हे, हे उघड आहे. तरीही त्या अटीमागचा विचार इथेही लागू पडतो. देणे देणाऱ्याच्या वहीत पुरे होत नाही, ते घेणाऱ्याच्या हातात पुरे होते.

याहून बोलकी गोष्ट सूरह तौबामध्ये आहे. जकातीचे जे आठ हक्कदार तिथे सांगितले आहेत, त्यांत फकीर आणि मिस्कीन यांच्या पाठोपाठ ‘आमिल’ येतो, म्हणजे जकात गोळा करण्याचे आणि वाटपाचे काम करणारा. पोहोचवण्याचे काम हा दानाचाच भाग आहे, वरचा खर्च नव्हे, असे आपल्याला त्यातून उमगते. मग रुग्णालयाच्या बिलासाठी हजारो रुपये सहज जमवणारे आपण, चार घरांचे कागद जुळवून देणाऱ्या, रांगेत सोबत उभे राहणाऱ्या, फॉर्म वाचून दाखवणाऱ्या एखाद्या शिकलेल्या मुलीला किंवा मुलाला उघडपणे मानधन द्यायला का कचरतो?

‘हे सरकारचे काम आहे, आपण का करावे?’ असा आक्षेप येतो, आणि तो खोटा नाही. आरोग्यमित्र त्याचसाठी नेमलेले आहेत. रुग्णाला परत पाठवले तर कारण लेखी मागावे, १५५३८८ वर तक्रार नोंदवावी. सरकारला मोकळे सोडू नये. पण तक्रारीचा निकाल लागेपर्यंत आजार थांबत नाही. मय्यतीचे दफन आपण फर्जे किफाया मानतो. काहींनी केले तर सगळे सुटतात, कोणीच केले नाही तर सगळे गुन्हेगार ठरतात. मेलेल्यासाठी जी जबाबदारी आपण इतकी चोख पाळतो, ती जिवंत माणसासाठी ढिली का पडावी?

मात्र या कामाला मर्यादा हव्यात. नगरसेवकाच्या फोनने आपला रुग्ण पुढे सरकला, तर दुसऱ्या कुणाचा रुग्ण मागे गेला. आपण माणसाला त्याची पाळी मिळवून द्यायची, दुसऱ्याची नव्हे. दुसरी मर्यादा पैशांची. योजनेतला उपचार रुग्णासाठी मोफत आहे. मंजुरी आणून देतो म्हणून त्याच्याकडून रक्कम घेणारा दलाल असतो, मग तो आपल्याच मोहल्ल्यातला का असेना. आमिलाचा मोबदला समाज सर्वांदेखत देतो. दलाल तो अडलेल्याच्या खिशातून काढतो. तिसरी मर्यादा मनाची. मशिदीच्या खोलीत बसून हे काम चालले, तरी शेजारच्या गल्लीतल्या मातंग बाईचे किंवा भय्या टॅक्सीवाल्याचे कागदही तितक्याच आस्थेने पाहिले गेले पाहिजेत. शेजाऱ्याचा हक्क त्याचा धर्म विचारून ठरत नाही.

आणि मदत झाली की नाही, हे कसे ओळखावे? ज्या घराला आज आपण सोबत केली, त्या घरातली बाई उद्या आपल्या नणंदेला घेऊन एकटी त्या टेबलापर्यंत गेली, कुठला कागद लागतो हे तिने दुसरीला सांगितले, तर काम झाले. दर वेळी तिला आपलीच गरज पडत राहिली, तर आपण हक्क पोहोचवला नाही, फक्त आपले महत्त्व वाढवले.

सुरुवात मोठ्या संस्थेने व्हायला हवी असे नाही. या रमजानमध्ये जकातीचा हिशेब मांडताना प्रत्येक जमातीने एवढेच पाहावे : आपल्या वस्तीत किती घरांत कार्ड आहे, त्यांतल्या किती कार्डांवर घरातल्या सगळ्यांची नावे बरोबर आहेत, आणि जवळचे योजनेतले रुग्णालय कोणते आहे. ही यादी आजारपण येण्याआधी तयार असली, तर पुष्कळ वेळा रुमाल पसरण्याची गरजच पडणार नाही.