अभ्यास आणि आदर

आमच्या किरनापुरात व आसपासच्या गावांत पेटी हे वाद्य भजनाच्या निमित्ताने सर्वांच्या परिचयाचे आहे. ती शिकू इच्छिणारा मुलगा जाणत्यापाशी येतो तो एखादी आरती किंवा अभंग बोटांत बसावा म्हणून. त्याच्या वाट्याला येतात मात्र पलटे: सारेग, रेगम, गमप, मग तेच उलट क्रमाने. आठवडे लोटतात, पण पद काही येत नाही. तेव्हा तो विचारतो, "ज्यात शब्द नाही, अर्थ नाही, भाव नाही, ते रोज घोकल्याने माणसाचे यंत्र होत नाही काय?" प्रश्न लहानाचा असला, तरी तो हसून सोडून देण्याजोगा नाही.

आम्ही पुजाऱ्याच्या घरात वाढलो, म्हणून हा प्रश्न आम्हांस केवळ पेटीचा वाटत नाही. रुद्राची अकरा आवर्तने, नित्याची पूजा, तोच क्रम, तीच अक्षरे. नित्य तेच करणाऱ्याचे मन त्यातून निघून गेले, तर मागे काय उरते? आमच्या वयाच्या अनेकांना याच शंकेने घरच्या विद्येपासून दूर नेले आहे. त्या शंकेचा विचार येथे पलट्यांच्या आधारे करू. कारण स्वरांत झालेली चूक कानाला लपत नाही.

प्रथम संख्येचा मोह पाहू. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवांनी 'संगीतरत्नाकर' या ग्रंथात स्वरांचे क्रम मांडण्याची रीत सांगितली आहे. तीन स्वरांचे 6 क्रम होतात, चारांचे 24 आणि सातांचे 5040. कोणी म्हणेल, हे सारे घोटले की विद्या आली! परंतु पतंजलींनी अभ्यासाची लक्षणे सांगताना असा हिशेब मांडला नाही. अभ्यास दीर्घकाळ चालावा, त्यात खंड पडू नये, आणि तो आदराने व्हावा, असा त्यांच्या सूत्राचा आशय आहे. पहिल्या दोन गोष्टी आपण घड्याळाने व पंचांगाने मोजतो. तिसरी मोजता येत नाही, म्हणून तीच विसरली जाते.

पलट्यांतील आदर म्हणजे काय? आमच्या मते, प्रत्येक स्वर वाजल्यावर तो ऐकणे. डावा हात भाता चालवितो, उजवा पट्ट्यांवर फिरतो. पाचही बोटे सारख्या बळाची नसतात. अनामिका मागे रेंगाळते, अंगठा जोराने आदळतो. भाता ओढताना धक्का बसला की स्वर हेलकावतो. अभंग वाजविताना शब्दांच्या गोडीत व टाळांच्या गजरात हे दोष झाकले जातात. पलट्यात झाकावयास काहीच नसते. म्हणून तो रुक्ष वाटतो, आणि म्हणूनच तो प्रामाणिक आहे.

आमच्या धानाच्या मुलखात रोवणी ज्यांनी पाहिली आहे त्यांस हे समजणे कठीण जाऊ नये. दिवसभर एकच हालचाल; पण एखादे रोप सैल खोचले गेले, तर बांधीत पाणी वाढताच ते वर तरंगते.

आता उलट बाजूही मान्य केली पाहिजे. कान झोपलेला असताना केलेला सराव निष्फळ तर होतोच, शिवाय तो अपायकारकही होतो. जी चूक शंभरदा घडली ती बोटांची सवय होते, आणि सवय मोडणे नवे शिकण्याहून अवघड. 'माणसाचे यंत्र होते' हा त्या मुलाचा आक्षेप अशा सरावापुरता अगदी खरा आहे.

सरावाने यंत्र झाले की मनुष्य मोकळा झाला, याची कसोटी रागात लागते. भूपात मध्यम व निषाद वर्ज्य आहेत. यंत्रवत् झालेला हात गंधारावरून सवयीने मध्यमावर जातो आणि राग मोडतो. जागा असलेला हात तेथे थांबतो. देशकारातही तेच पाच स्वर आहेत. तरी भूपात गंधाराला आणि देशकारात धैवताला मान. हा भेद कोणताही पलटा शिकवीत नाही. मात्र पलट्यांनी तयार झालेला हातच तो पाळू शकतो. इंदूरचे उस्ताद अमीर खाँ (1912–1974) यांची मेरुखंडाची तालीम प्रसिद्ध आहे. मेरुखंड म्हणजे स्वरांच्या त्या क्रमांचाच अभ्यास. परंतु त्यांचा विलंबित ख्याल ऐकताना गणिताची आठवण होत नाही. एकेक स्वर विचारपूर्वक ठेवल्यासारखा वाटतो. कित्येक क्रम गळ्यात असूनही रागाला नको ते त्यांनी गाइले नाहीत.

आम्हांस या विषयाचे नैतिक मर्म येथे दिसते. ज्याला करताच येत नाही त्याने न करणे याला संयम म्हणता येत नाही. आधी सामर्थ्य, मग त्याचा विवेकाने त्याग. आणि सामर्थ्य तर रोजच्या, कंटाळवाण्या वाटणाऱ्या आवृत्तीतूनच येते. तेव्हा आवृत्ती टाकून भाव मिळेल ही आशा व्यर्थ आहे, आणि नुसती आवृत्ती केली की भाव आपोआप येईल, हीदेखील.

म्हणून मुलांना 'तासभर बस' असे सांगण्यापेक्षा, 'दहा मिनिटे बस, पण ऐकत बस' असे सांगावे. लय धीमी ठेवावी. एकच पलटा घ्यावा. जेथे बोट अडखळले तेथून पुन्हा निघावे. घरातील वडीलधाऱ्यांपैकी कोणी जवळ बसून ऐकले तर फारच उत्तम. आपले कोणी ऐकत आहे असे कळले की मूल स्वतःही ऐकू लागते. आवर्तने करणाऱ्या आम्हां पुजाऱ्यांच्या मुलांसही हा नियम लागू आहे. अकरावे आवर्तन पहिल्याइतक्याच लक्षपूर्वक झाले काय, हे दुसऱ्या कोणी विचारण्यापूर्वी आम्हीच स्वतःला विचारावयास हवे.