देव निजल्यावर

पंढरपुरात शेजारती झाली की विठ्ठल निजतो. काकड्यापर्यंत त्याला कुणी उठवत नाही. मग मधल्या प्रहरात जाग्या असलेल्या एकट्या माणसानं कुणाशी बोलायचं? हा प्रश्न मला दिल्लीत पडला.

संसद मार्गावर माझी बातम्यांच्या भाषांतराची रात्रपाळी असे. काम हातावेगळं झालं की जयसिंग रोडनं बंगला साहिबला चालत जायचो. दिवसा जिथं हॉर्नपुढे काही ऐकू येत नाही, तिथं स्वतःच्या चपलांचा आवाज मोठा वाटे. गुरुद्वारा रात्रभर उघडा. ग्रंथसाहिबाचं मात्र सुखासन झालेलं असतं. रुमाल्यात गुंडाळून, डोक्यावर घेऊन, ग्रंथ निजायच्या खोलीत नेतात. त्यात आमच्या नामदेवांची 61 पदं आहेत. म्हणजे त्या वेळी नामदेवही निजलेले!

निराकाराला कसली झोप, असं वेदान्ती विचारतील. खरंच आहे. पण ज्यांनी हा उपचार घातला, त्यांना भक्ताला काही शिकवायचं असावं. घरातलं वडीलधारं माणूस निजलं की आपण त्याच्याकडे काही मागत नाही, पाय न वाजवता वावरतो, कुणी दार वाजवलं तर आपणच उठतो. रात्रीच्या एकांताचा अर्थ मला असा लागतो: तेवढे प्रहर आपलं गाऱ्हाणं बाजूला ठेवून राखण करायची. सरोवराकाठची फरशी धुणारे सेवादार तेच करत असतात. ही जागा मुळात मिर्झाराजे जयसिंगांची हवेली. 1664 साली दिल्लीत देवी आणि पटकीची साथ असताना गुरू हरकिशन इथं राहिले, आजाऱ्यांना इथल्या विहिरीचं पाणी देत राहिले आणि त्याच वर्षी देवीनंच गेले. वय आठसुद्धा नव्हतं.

पण लोहिया रुग्णालय इथून जवळ आहे. तिथल्या फायली मांडीवर घेऊन काठाशी माणसं बसलेली असतात. ज्याचं मूल आत आहे त्या बापाला, आता मागू नकोस, असं मी कुठल्या तोंडानं सांगू? आषाढी-कार्तिकीला विठ्ठलाचा पलंग काढतात. वारकऱ्यांसाठी देव अहोरात्र उभा राहतो. या बापाची आषाढी आज आहे. त्याच्यासाठी पलंग निघालाच पाहिजे, आणि तोवर आम्ही जागणाऱ्यांनी त्याच्याशेजारी बसायला हवं.