ओळखणे आणि ओळख देणे

वस्तू किंवा व्यक्ती ओळखण्याच्या क्रियेसाठी इंग्रजीत अनेक क्रियापदे आहेत. 'डिसर्न', 'डिस्टिंग्विश', 'डिटेक्ट', 'आयडेंटिफाय', 'रेकग्नाइझ' आणि 'ॲक्नॉलेज' ही त्यांतील प्रमुख होत. मराठीत अनुवाद करताना यांपैकी बहुतेकांसाठी 'ओळखणे' हा एकच शब्द पुढे येतो आणि पुष्कळदा तो खपूनही जातो. त्यामुळे ही क्रियापदे म्हणजे एकाच अर्थाच्या कमीअधिक गडद छटा आहेत, असा समज रूढ होतो. हा समज अपुरा आहे. या क्रियापदांतील भेद केवळ ज्ञानाच्या नेमकेपणाचा नाही. ओळखणाऱ्यावर काय जबाबदारी येते, ती कोणापुढे येते आणि ती कधी संपते, याचाही तो भेद आहे. तसे असेल तर पर्यायशब्दांचा हा प्रश्न एका नैतिक प्रश्नापाशी जाऊन पोहोचतो: एखाद्याला ओळखले, एवढ्याने त्याच्याविषयीचे आपले देणे फिटते काय?

शब्दांच्या छटांतून नीतिविचाराकडे जाण्याची वाट नवी नाही. जे. एल. ऑस्टिन यांनी 'अ प्ली फॉर एक्स्क्यूझेस' (१९५६) या व्याख्यानात तिचे समर्थन केले आहे. पिढ्यानपिढ्यांना जे भेद करणे आवश्यक वाटले ते रोजच्या भाषेत टिकून राहिले आहेत, म्हणून विचाराचा आरंभ तेथून करावा, अशी त्यांची भूमिका. त्यांचे गाढवाचे उदाहरण प्रसिद्ध आहे. आपले म्हणून दुसऱ्याचेच गाढव मारले तर ते 'चुकीने' घडले. नेम आपल्या गाढवावर धरला, पण गोळी सुटताना जनावरे हलली आणि दुसऱ्याचे मेले, तर ते 'अपघाताने' घडले. शेजाऱ्याचे नुकसान दोन्हीकडे सारखेच. दोष मात्र सारखा नाही. यांतील पहिला दोष ओळखण्यातला आहे, ही गोष्ट येथे विशेष महत्त्वाची.

आता या क्रियापदांकडे क्रमाने पाहता येईल. 'डिसर्न'च्या मुळाशी चाळून वेगळे करणे ही लॅटिन कल्पना आहे. अस्पष्टातून काही स्पष्ट दिसू लागणे हा त्याचा आजचा अर्थ. 'डिस्टिंग्विश'ला किमान दोन वस्तू लागतात. एकीचे ज्ञान दुसरीच्या तुलनेत होते. 'डिटेक्ट' म्हणजे मुळात आच्छादन काढणे. जे लपलेले आहे किंवा लपवले आहे तेच 'डिटेक्ट' करता येते. मराठीत या तिघांच्या जवळ अनुक्रमे 'ताडणे', 'निवडणे' आणि 'छडा लावणे' हे प्रयोग जातात. व्युत्पत्ती हा अर्थाचा पुरावा नव्हे, हे खरे. परंतु येथे व्युत्पत्तीने सुचवलेली दिशा आजच्या उपयोजनातही कायम आहे. तिन्ही क्रियापदांत ओळखणारा आणि ओळखले जाणारे यांच्यात पूर्वीचा संबंध गृहीत नाही. वस्तूने काही मागितलेले नाही, ओळखणाऱ्यानेही काही कबूल केलेले नाही.

'आयडेंटिफाय' आणि 'रेकग्नाइझ' यांच्यापाशी आल्यावर चित्र बदलते. 'आयडेंटिफाय'मध्ये 'तोच' या अर्थाचे लॅटिन सर्वनाम आहे. अमुक तो तमुकच, असे निश्चित करणे हे त्याचे कार्य. त्यासाठी खूण, निकष वा साक्ष लागते. ही निश्चिती सहसा तिसऱ्या कोणासाठी केली जाते: न्यायालयासाठी, पोलिसांसाठी, कचेरीसाठी. 'रेकग्नाइझ'मध्ये मात्र 'पुन्हा जाणणे' आहे. पूर्वीची जाण असल्याशिवाय ते शक्य नाही. आईला मुलाचा आवाज ओळखू येतो तेव्हा ती खुणा पडताळून पाहत नाही. कशावरून ओळखले, हे तिला कदाचित सांगताही येणार नाही.

गिल्बर्ट राइल यांनी 'द कन्सेप्ट ऑफ माइंड' (१९४९) या ग्रंथात काही क्रियापदे क्रियेची नसून सिद्धीची असतात, असे दाखवले. 'शोधणे' ही खटपट आहे, 'सापडणे' ही सिद्धी. हा भेद येथे उपयोगी पडतो. 'रेकग्नाइझ' हे सिद्धिवाचक आहे. माणूस तो नसेलच, तर त्याला 'रेकग्नाइझ' केले असे इंग्रजीत म्हणता येत नाही, केल्यासारखे वाटले एवढेच म्हणता येते. उलट साक्षीदाराने चुकीच्या माणसाला 'आयडेंटिफाय' केले, हे वाक्य सहज चालते. कारण 'आयडेंटिफाय' ही जाहीरपणे केलेली कृती आहे, आणि कृती चुकू शकते.

ही चूक किती महाग पडू शकते, हे लंडनमधील ॲडॉल्फ बेक यांच्या खटल्याने दाखवले. फसवणूक झालेल्या अनेक स्त्रियांनी फसवणारा तो हाच, असे शपथेवर सांगितले आणि १८९६ मध्ये बेक यांना सक्तमजुरीची शिक्षा झाली. सुटकेनंतर १९०४ मध्ये त्यांना पुन्हा तशाच आरोपाखाली दोषी ठरवण्यात आले. त्यानंतर खरा गुन्हेगार सापडला. इंग्लंडमध्ये १९०७ साली फौजदारी अपील न्यायालय स्थापन होण्यास हे प्रकरण बऱ्याच अंशी कारणीभूत ठरले. त्या स्त्रिया खोटे बोलत होत्या, असे म्हणता येत नाही. चेहरा ओळखीचा वाटणे आणि तो माणूस तोच आहे अशी ग्वाही देणे, यांतील अंतर त्यांना जाणवले नाही. दोन क्रियापदांमधील फटीत एका माणसाची कित्येक वर्षे गेली.

म्हणून खूण व पुरावा यांचा आग्रह न्यायालयात योग्यच ठरतो. प्रश्न असा की, माणसामाणसांतील व्यवहारात तोच आग्रह धरला तर काय होते? येथे 'ॲक्नॉलेज' हे क्रियापद पुढे येते. स्टॅनले कॅव्हेल यांच्या 'मस्ट वुई मीन व्हॉट वुई से?' (१९६९) या ग्रंथातील एका निबंधाचा विषयच 'जाणणे' आणि 'ॲक्नॉलेज करणे' यांतील संबंध हा आहे. दुसऱ्याला वेदना होत आहे हे कळणे पुरेसे नसते; त्या कळण्यापोटी काही करावे लागते, स्वतःला उघड करावे लागते, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा. ज्ञानाचा अभाव म्हणजे अज्ञान. या दुसऱ्या गोष्टीचा अभाव म्हणजे अनास्था, टाळाटाळ, क्रौर्य.

याच ग्रंथात कॅव्हेल यांनी 'किंग लिअर'चे वाचन केले आहे. त्यातील एडगरचे उदाहरण निर्णायक आहे. डोळे फोडलेल्या बापाला एडगर पाहताक्षणी ओळखतो. त्याचा हात धरून त्याला नेतो, आत्महत्येपासून परावृत्तही करतो. पण मी तुझा मुलगा, हे तो सांगत नाही. अखेरच्या द्वंद्वाला निघताना तो ते सांगतो, आणि आनंद व दुःख यांच्या ओढाताणीत म्हाताऱ्याचे हृदय फुटते. एडगर स्वतःच हा आपला दोष मानतो. त्याच्या ज्ञानात काहीच उणे नव्हते, सेवेतही नव्हते. त्याने बापाला ओळखले होते. ओळख दिली नव्हती.

या ठिकाणी मराठी भाषा आपले मौन सोडते. 'ओळखणे' हे क्रियापद एकटे असले तरी 'ओळख' या नामाभोवतीचे प्रयोग दरिद्री नाहीत. मृतदेहाची ओळख 'पटवतात'. जुन्या मित्राला गर्दीत 'ओळखतात'. आणि लग्नसमारंभात समोरासमोर येऊनही कोणी 'ओळख दिली नाही', अशी तक्रार होते. या तक्रारीत विसरल्याचा आरोप नाही. ओळखले असून नाकारल्याचा आहे. ओळख ही देण्याची वस्तू आहे, म्हणजे ती देणे लागते, हे या प्रयोगाने गृहीत धरले आहे.

शकुंतलेची कथा या भेदाची कसोटी ठरावी. महाभारताच्या आदिपर्वातील दुष्यंताला सारे स्मरत असते, तरीही भरसभेत तो शकुंतलेला नाकारतो. आकाशवाणी झाल्यावर तो तिचा स्वीकार करतो आणि केवळ तिच्या शब्दावर स्वीकारले असते तर लोकांनी शंका घेतली असती, असे कारण देतो. त्याने ओळखले होते. तरी लोकांसाठी ओळख पटवली जाण्याची तो वाट पाहत राहिला. कालिदासाने दुर्वासाचा शाप आणि अंगठी यांची योजना करून हा नैतिक दोष विस्मृतीच्या दोषात रूपांतरित केला. राजा त्यामुळे सहानुभूतीस पात्र झाला, पण प्रश्न मिटला नाही. पाचव्या अंकात अंगठी हरवल्याचे कळल्यावर शकुंतला पाडसाची आठवण सांगते. ती खूण नसून दोघांचे सामायिक गतजीवन असते. राजा त्याची संभावना स्त्रियांचे चातुर्य अशी करतो. शापाने स्मृती गेली होती. हा उपहास मात्र शापाचा भाग नव्हता.

नाटकाच्या शीर्षकातील 'अभिज्ञान' या शब्दात खूण आणि ओळख हे दोन्ही अर्थ आहेत. इंग्रजी अनुवादकांना त्यांतून निवड करावी लागली. विल्यम जोन्स यांनी १७८९ मध्ये शीर्षकात 'फेटल रिंग' घातली. मोनियर विल्यम्स यांनी 'लॉस्ट रिंग' घातली. २००१ मधील डब्ल्यू. जे. जॉन्सन यांच्या अनुवादात अंगठी जाऊन 'रेकग्निशन' आले. वस्तूकडून संबंधाकडे झालेला हा प्रवास आहे. नाटकाचा सातवा अंक पाहता तो योग्य दिशेने झाला, असे म्हणावे लागते. तेथे राजा शकुंतलेला ओळखतो एवढेच घडत नाही. आता तिने आपल्याला ओळखावे, अशी त्याची स्थिती होते. पश्चात्तापाने निस्तेज झालेला तो तिला प्रथम ओळखू येत नाही. पुढे तो अंगठी तिच्या बोटात घालू पाहतो, तेव्हा तिच्यावर आपला विश्वास नाही, ती त्यानेच घालावी, असे शकुंतला सांगते.

यातून पुराव्याची गरज नाकारली जाते, असे मानण्याचे कारण नाही. बेक यांचा खटला तसे मानू देत नाही. अनोळखी माणसाला न्याय मिळायचा तर निकष हवेतच. परंतु निकष जे ठरवतो ते 'हा कोण' एवढेच. 'हा माझा कोण' याचे उत्तर ज्याचे त्याला द्यावे लागते, आणि ते देताना उत्तर देणाराही उघडा पडतो. अंगठी परत करणाऱ्या शकुंतलेला हा भेद कळला होता. ओळख पटवून घेण्यासाठी ती एकदा सभेत उभी राहिली होती. दुसऱ्यांदा तिने ते नाकारले.