भीती वाटणे म्हणजे अश्रद्धा काय?



काही वर्षांपूर्वी आम्ही एका आजारी भगिनीला भेटायला इस्पितळात गेलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे मोठे ऑपरेशन होते. उशीखाली रोजरी होती, हात मात्र गार पडले होते. निघताना आम्ही सवयीप्रमाणे म्हणालो, ''घाबरू नका, प्रभूवर श्रद्धा ठेवा.'' तिचा चेहरा उतरला. ती हळूच म्हणाली, ''श्रद्धा आहे हो. रोज प्रार्थना करते. तरी भीती जात नाही. मग माझी श्रद्धा खोटी का?''

आम्हाला उत्तर सुचले नाही. ऑपरेशनची भीती तिला होतीच. देवासमोर आपण कमी पडलो, ही दुसरी भीती आमच्या बोलण्याने तिच्या वाट्याला आली.

वादळाची गोष्ट आपल्याला पाठ आहे. होडीत पाणी भरत आहे आणि येशू मागच्या बाजूला उशीवर डोके ठेवून झोपला आहे. शिष्य त्याला उठवतात, काहीसे रागावूनच. संत मार्कच्या शुभवर्तमानात येशू आधी वारा शांत करतो आणि मग त्यांच्या श्रद्धेविषयी विचारतो. हाच प्रश्न हाती घेऊन आपण घाबरलेल्या माणसाला बोल लावतो. परंतु ते शिष्य घाबरून गेले कोणाकडे? त्याच्याकडेच ना? शिवाय वारा पडल्यावर त्यांची भीती गेली असेही संत मार्क लिहीत नाही. उलट, हा आहे तरी कोण, या विचाराने ते अधिकच भ्याले.

आणि गेथशेमानी बागेचे काय? वादळात शांत झोपलेला तोच प्रभू तेथे व्याकूळ झाला. पेत्र, याकोब आणि योहान यांना त्याने जवळ जागे राहायला सांगितले. एकटे राहवत नाही म्हणून माणूस सोबत मागतो, तशीच त्याने मागितली. हा प्याला टळावा, अशी प्रार्थना त्याने पुनःपुन्हा केली. भीती वाटणे हीच अश्रद्धा असेल, तर त्या रात्रीच्या येशूला आपण काय म्हणणार?

संत थॉमस मोर यांनी याच प्रसंगावर आपले शेवटचे पुस्तक लिहिले. ते इंग्लंडचे मोठे कायदेपंडित आणि राजाचे चॅन्सलर. आठव्या हेन्रीच्या वारसाहक्काच्या कायद्याची शपथ त्यांनी घेतली नाही, म्हणून 1534 साली त्यांना लंडनच्या टॉवरमध्ये डांबण्यात आले. अशा माणसाला भय ठाऊकच नसेल, असे आपल्याला वाटते. पण मुलगी मार्गारेटला लिहिलेल्या पत्रात त्यांनी कबूल केले की, आपण स्वभावाने वेदनेला फार भितो, बोटाची टिचकीसुद्धा आपल्याला नको वाटते. तुरुंगात ते ख्रिस्ताच्या दुःखाविषयी आणि भयाविषयी लिहीत राहिले. त्यांचे म्हणणे असे की, काही जण हसतमुखाने मरणाला सामोरे जातात, परंतु सगळ्यांचा पिंड तसा नसतो. भित्र्या माणसालाही पुढे कोणीतरी चालणारा हवा, म्हणून ख्रिस्ताने भय स्वतःवर घेतले. भित्र्याने त्याच्या वस्त्राचा काठ धरावा आणि मागोमाग जावे. 6 जुलै 1535 रोजी मोर यांचा शिरच्छेद झाला.

मग प्रभू जी शांती देतो ती कोणती? बागेतील भीती नाहीशी झाली, असे शुभवर्तमान सांगत नाही. देवदूताने त्याला बळ दिले, एवढे संत लूक सांगतो. तो उठला, झोपलेल्यांना जागे केले आणि पकडायला येणाऱ्यांना सामोरा गेला. पित्याचा हात सुटलेला नाही, एवढी खात्री असली की थरथरत्या पायांनीही पुढे जाता येते. आमच्या मते ती शांती हीच. छातीतली धडधड थांबणे ही निराळी गोष्ट. ती कधी औषधाने थांबते, कधी झोपेने, आणि त्यासाठी डॉक्टरांकडे जाण्यात कमीपणा नाही.

त्या भगिनीचे ऑपरेशन पार पडले. पुढे तिने सांगितले की, आत नेईपर्यंत भीती होतीच. 'नमो मरिया'सुद्धा धड पूर्ण होईना. मग ती नुसती 'येशू, येशू' म्हणत राहिली.

आजही काही घरांतून आम्हाला विनवले जाते, ''फादरांना इतक्यात बोलावू नका, तेल घेऊन आले की पेशंट घाबरेल.'' शेवटची घटका आल्यावरच द्यायचा तो संस्कार, ही जुनी समजूत अजून गेलेली नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 सालीच सांगितले आहे की, रुग्णाभ्यंग हा केवळ मरणासन्न माणसांसाठी नाही. आजाराच्या भयात बळ, धीर आणि शांती मिळावी, यासाठीच तो आहे. मोठे ऑपरेशन ठरले असेल, तर आधीच धर्मगुरूंना कळवा. रुग्ण घाबरलेला असला तर त्याचे घाबरणे लपवू नका, आणि आम्ही केला तसा उपदेशही करू नका. फादर येईपर्यंत जवळ बसून राहा.