चूक दुरुस्त, सही

बँकेत खातेवह्या हातानं लिहायच्या, त्या काळी चुकीची नोंद खरवडायला सक्त मनाई होती. आडवी रेघ मारायची, वर बरोबर आकडा लिहायचा आणि शेजारी सही ठोकायची. चूक शाबूत, फक्त तिचा अंमल संपला. कोर्टातही असंच चालतं हे कळल्यापासून न्यायमूर्ती मला जवळचे वाटू लागले आहेत.

सुप्रीम कोर्टानं सांगितलेला कायदा घटनेच्या १४१व्या कलमानुसार देशातल्या सगळ्या कोर्टांवर बंधनकारक. मग त्यातून सुटायचं कसं? एक, मोठ्या खंडपीठानं तो रद्द करायचा. दोन, संसदेनं कायदाच बदलायचा. तिसरी वाट आमच्या घरात रोजची. ‘आठनंतर बाहेर जायचं नाही’ हा माझा निवाडा. सौ. म्हणते, ‘‘बरोबर आहे हो, पण आज गणपती आहेत! आजची गोष्ट निराळी.’’ निवाडा कायम, पोरगा बाहेर!

पण सगळेच निवाडे इतके गमतीचे नसतात. २८ एप्रिल १९७६. आणीबाणी. जबलपूर खटल्यात सुप्रीम कोर्टानं चार विरुद्ध एक मतांनी ठरवलं, की विनाचौकशी डांबलेल्यांना सुटकेसाठी कोर्टाचं दार ठोठावता येणार नाही. ‘नाही’ म्हणाले एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना. जानेवारी १९७७मध्ये त्यांना डावलून कनिष्ठाला सरन्यायाधीश केलं. खन्नांनी राजीनामा दिला. १९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीनं त्या निवाड्याचे दात पाडले. पण आडवी रेघ मारायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडला. नऊ न्यायमूर्तींच्या खंडपीठात धनंजय चंद्रचूड होते. १९७६च्या चौघांत त्यांचे वडील यशवंत चंद्रचूड. मुलानं आपल्या निकालपत्रात वडिलांचा निवाडा साफ चुकीचा ठरवला. हे ऐकून आमचे चिरंजीव भलतेच खूश झाले.

मला मात्र एक कारकुनी शंका छळते. व्याज चुकलं तर आम्ही ते मागच्या तारखेपासून जमा करतो. निवाडा चूक, तर तो पहिल्या दिवसापासूनच चूक. मग तुरुंगात गेलेले महिने कुठल्या खात्यात जमा करायचे? ते रेघेला जमत नाही. म्हणून ‘पुढे होईल दुरुस्त’ या भरवशावर सही करू नये. शेजारचा एकटाच ‘नाही’ म्हणत असेल, तर बेरीज पुन्हा करून बघावी.

पोराला मी साडेनऊपर्यंत मुभा दिली आहे. तो मागच्या तारखेपासूनची मागतोय.