लगाम कुणाच्या हाती?

अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात, बेंड या गावाजवळ, किम आणि ट्रॉय मीडर या दांपत्याने १९९५ साली ‘क्रिस्टल पीक्स यूथ रँच’ सुरू केली. हेळसांड आणि मारहाण सोसलेले घोडे आणायचे, त्यांना पुन्हा माणसाळवायचे आणि आयुष्याने लहानपणीच पोळलेल्या मुलांची त्यांच्याशी गाठ घालून द्यायची, असे या ख्रिस्ती सेवेचे स्वरूप. एक मूल, एक घोडा, सोबत एक जाणते माणूस; आणि पैसे घ्यायचे नाहीत. ख्रिस्ती श्रद्धेतून चाललेल्या अशा रँच अमेरिकेत आता अनेक आहेत आणि त्यांतल्या काही खास अपंग मुलांसाठी व प्रौढांसाठी काम करतात. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, डाउन सिंड्रोम असलेली माणसे तिथे घोड्याला खरारा करतात, खोगीर चढवायला हात लावतात, रिंगणात फेरी मारतात. अशा कामाचे कौतुक सहज होते आणि बहुधा कौतुकापाशीच विचार थांबतो. पण चांगल्या हेतूने सेवा मोजता येत नाही. हेतू करणाऱ्याचा असतो, परिणाम दुसऱ्याला भोगावा लागतो. अपंगांच्या कोणत्याही सेवेला विचारावा असा पहिला प्रश्न मला वेगळा वाटतो: येणाऱ्या माणसावर तिथे काही सोपवले जाते, की त्याला नुसते दिले जाते?

या प्रश्नाला घोडा चांगला साक्षीदार आहे. डेन्मार्कच्या लिझ हार्टेल यांना १९४४ साली गरोदरपणात पोलिओ झाला आणि गुडघ्याखाली पायांत बळ उरले नाही. घोड्यावर चढायला-उतरायला त्यांना मदत लागे. तरी १९५२च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये, ड्रेसाज या घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या प्रकारात स्त्रियांना पहिल्यांदाच पुरुषांच्या बरोबरीने उतरू दिले त्या वर्षी, त्यांनी त्याच प्रकारात रौप्यपदक मिळवले. अपंगांसाठीच्या अश्वारोहणाला त्यातून मोठे बळ मिळाले. ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत १९६९ साली त्यासाठी राष्ट्रीय संघटना उभ्या राहिल्या. यामागचे शरीरशास्त्र साधे आहे. घोडा संथ चालतो तेव्हा स्वाराचे कंबरेचे हाड पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि किंचित गोल फिरते, जवळजवळ स्वतः चालताना फिरावे तसे. पण नैतिकदृष्ट्या मोलाची गोष्ट त्यापुढची आहे. घोड्याला कीव येत नाही. पाठीवरचा माणूस एरवी चाकाच्या खुर्चीत बसतो याच्याशी त्याला कर्तव्य नसते. इशारा स्पष्ट मिळाला तर तो वळतो, गोंधळाचा मिळाला तर गोंधळतो. शिवाय त्याला चारा लागतो, पाणी लागते, त्याचे खूर साफ करावे लागतात. ज्याची काळजी आजवर इतरांनीच घेतली, त्याच्यावर दुसऱ्या जिवाची काळजी येऊन पडते. दिवसभर सगळे ज्याच्यासाठी करतात, त्याला ही जबाबदारी फार क्वचित मिळते.

यावर पहिला आक्षेप शास्त्राचा. घोड्याच्या सहवासाने बरे वाटते हे ठीक, पण पुरावा काय? कोलोरॅडोतल्या संशोधकांचा एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. ६ ते १६ वर्षे वयाच्या १२७ स्वमग्न मुलांचे दोन गट केले. एका गटाने दहा आठवडे अश्वारोहण केले. दुसऱ्याला त्याच काळात तबेल्याच्या वातावरणात घोड्यांविषयीच शिकवले, पण जिवंत घोडा दिला नाही. घोडा मिळालेल्या मुलांची चिडचिड आणि अस्वस्थ चळवळ अधिक कमी झाली, बोलण्यातले शब्दही वाढले. म्हणजे मोकळी हवा आणि मायाळू माणसे एवढ्यानेच हे घडत नाही. तरीही यातून स्वमग्नता बरी होते असे निघत नाही. सेरेब्रल पाल्सीत तोल आणि बसण्याची ठेवण सुधारते, पण त्यावरचे बरेच अभ्यास लहान आहेत. ख्रिस्ती सेवेने ही मर्यादा इतरांपेक्षा जास्त जपायला हवी, कारण चमत्काराचे आश्वासन तिच्या तोंडी चटकन येते. जोनी एरिकसन टाडा यांचे उदाहरण इथे महत्त्वाचे. घोडेस्वारीची आवड असलेली ही मुलगी १९६७ साली, सतराव्या वर्षी, पाण्यात सूर मारताना मान मोडून हातापायांनी लुळी झाली. आरोग्यदानाच्या प्रार्थनासभांनाही ती गेली; बरी झाली नाही. १९७९ साली तिने ‘जोनी अँड फ्रेंड्स’ ही अपंगांसाठीची संस्था काढली, ती खुर्चीत बसूनच. बरे होणे ही तिथे अट नव्हती. श्रद्धेवरच्या सेवेचा पाया इतका प्रामाणिक असावा.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे आणि महाराष्ट्राला तो परिचित आहे. पंडिता रमाबाईंच्या, विधवांसाठी चाललेल्या शारदा सदनावर १८९३ साली धर्मांतराचा आरोप झाला, ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली आणि रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. परावलंबी माणसापुढे मदतीसोबत धर्म ठेवला तर त्याची संमती कितपत खरी, ही शंका तेव्हा रास्त होती, आजही आहे. बौद्धिक अपंगत्व असलेल्या व्यक्तीबाबत तर ती दुप्पट रास्त. पण श्रद्धेचे नावच काढू नका, हे तिचे उत्तर नव्हे. ज्या प्रेरणेने कोणी पहाटे तबेला साफ करतो, ती लपवायला लावणे हाही खोटेपणाच. प्रार्थनेला बसला नाही म्हणून कुणाची घोड्यावरची पाळी चुकत नाही ना, एवढे पाहावे. मार्कच्या शुभवर्तमानात येशू आंधळ्या बार्तीमयाला आधी विचारतो, तुझी इच्छा काय? उत्तर उघड असतानाही विचारतो. विचारण्याआधीच देणाऱ्या सेवकांना त्यांच्याच ग्रंथाने घातलेली ही मर्यादा आहे. आणि पावित्र्यावर भिस्त ठेवू नये. बौद्धिक अपंगांसोबत राहणाऱ्या ‘लार्श’ समुदायांचे संस्थापक जाँ व्हानिए संत म्हणून गौरवले गेले. त्यांच्या मृत्यूनंतर, २०२० साली, त्यांनी आध्यात्मिक अधिकाराच्या आडून स्त्रियांचे शोषण केल्याचे लार्शनेच करवून घेतलेल्या चौकशीतून समोर आले. त्या स्त्रिया अपंग नव्हत्या, तरी त्यांना नाही म्हणता आले नव्हते. म्हणून प्रत्येक रँचवर बाहेरच्या माणसाची नजर हवी, मग तिथली माणसे कितीही भक्तिमान असोत.

तिसरा आक्षेप अपंग हक्कांच्या चळवळीचा. वेगळे रिंगण, वेगळा दिवस, वेगळे स्वयंसेवक, ही गोड फारकत झाली; हक्काचे काय? अमेरिकेच्या १९९०च्या अपंग हक्क कायद्याने दुकाने, हॉटेले, चित्रपटगृहे यांना दारे रुंद करायला लावली, पण खासगी संस्थांवरच्या त्या बंधनातून धार्मिक संस्थांना वगळले. त्यामुळे एखादे चर्च रँचला उदारपणे देणगी देईल आणि स्वतःच्या पायऱ्यांवर उतार मात्र बांधणार नाही, हे कायद्यात बसते. आक्षेपाचा हा भाग मला निरुत्तर करणारा वाटतो, आणि त्याला बायबलचाच आधार आहे. लूकच्या शुभवर्तमानातल्या मेजवानीचा यजमान पांगळ्यांना, लंगड्यांना, आंधळ्यांना आपल्याच घरी बोलावतो. त्यांच्यासाठी दुसरीकडे पंगत मांडत नाही. मात्र म्हणून रँच बंद कराव्यात, हेही पटत नाही. मऊ वाळूचे रिंगण, चढण्यासाठीचा उतार, घोड्याच्या तोंडाशी एक आणि दोन बाजूंना दोन माणसे, एवढी तयारी सर्वसाधारण अश्वशाळेत सहसा नसते आणि विमा कंपन्या पुष्कळदा खर्च देत नाहीत. वेगळी जागा शिकण्यासाठी चालेल. आयुष्यभर तिथेच ठेवण्यासाठी चालणार नाही.

तेव्हा मोजायचे काय, हे आता सांगता येते. काल स्वार म्हणून आलेला आज नवख्याला खरारा शिकवतो का? घोडा थकला आहे, आज फेरी नको, असे तो सांगू शकतो का, आणि त्याचे ऐकले जाते का? विश्वस्त मंडळात, पगारी कामावर आणि रविवारी चर्चमध्ये शास्त्रवाचनाला अपंग माणसे उभी राहतात का? तशी माणसे तिथे दिसत नसतील, तर वर्षभरात कितीजणांना घोड्यावर बसवले याचे आकडे अहवालात छापूनही त्या सेवेपाशी सांगण्यासारखे फार काही उरत नाही.