वचन आणि राजभाषा



गेल्या महिन्यात सोमवारच्या चिंतनानंतर एका तरुण भक्ताने आम्हांस विचारले, "स्वामीजी, देश एक आहे, तर राजभाषाही एकच का असू नये?" हा राजकारणाचा प्रश्न आहे, मठाचे त्यात काय काम, असे म्हणून आम्हांला तो टाळता आला असता. आपल्या सीमाभागात भाषेचा विषय निघाला की शेजारी शेजारी बसलेली माणसेही सावध होतात. तथापि ज्या प्रश्नावर गरिबाला न्याय मिळणे न मिळणे अवलंबून आहे, तो केवळ राजकारणाचा राहत नाही, धर्माचाही होतो. म्हणून या अंकी एखादे वचन घेऊन त्याचे निरूपण न करता 'वचन' या शब्दाचाच थोडा विचार करू.

मराठीत वचन म्हणजे बोलणे आणि वचन म्हणजे दिलेला शब्दही. दोन्ही अर्थांना एक अट समान आहे. ज्याला उद्देशून वचन आहे त्याला ते कळले पाहिजे. न कळलेले बोलणे हा नुसता ध्वनी होय, आणि न कळलेले आश्वासन देणाऱ्याला बांधत नाही, घेणाऱ्याला तारत नाही. राज्यही प्रजेशी बोलतच असते. कायदा, नोटीस, निकाल, सातबाऱ्यावरील नोंद ही सारी राज्याची वचनेच आहेत. तेव्हा राज्याने कोणत्या भाषेत बोलावे, हे ठरविताना ऐकणाऱ्याकडे पाहिल्यावाचून निर्णय होणार नाही.

प्रथम पूर्वपक्ष नीट मांडू. त्याला दुबळा करून खोडण्यात अर्थ नाही. एक भाषा असली म्हणजे कारभार सोपा होतो, खर्च वाचतो. गरिबाच्या मुलाने एक भाषा शिकली की त्याला देशात कोठेही पोट भरता येते. आपापसांत एका भाषेवर एकमत न झाल्यामुळे आपल्या डोक्यावर इंग्रजी बसून राहिली, आणि तिचा लाभ थोड्यांनाच झाला, हाही आक्षेप खोटा नाही. शिवाय इंडोनेशियाचे उदाहरण आहे. तेथील तरुणांनी १९२८ साली एका भाषेची शपथ घेतली आणि १९४५ च्या राज्यघटनेने ती राज्याची भाषा केली. मात्र तेथे संख्येने सर्वांत मोठा समाज जावानी भाषा बोलणारा असूनही त्याची भाषा निवडली गेली नाही. बंदरांतून आणि बाजारांतून सर्वांच्या तोंडी रुळलेली मलय भाषा निवडली गेली. म्हणजे मोठ्याने आपला हट्ट सोडला, म्हणून सर्वांनी ती आपली मानली. पूर्वपक्ष करणारे हा त्याग सहसा सांगत नाहीत.

आता आपल्या कल्याणकडे वळू. बाराव्या शतकातील कल्याण ही विद्येची नगरी होती. चालुक्य राजांच्या आश्रयाने विज्ञानेश्वरांनी 'मिताक्षरा' तेथेच लिहिली. वारसा कोणाला, वाटणी कशी, हे सांगणारा तो ग्रंथ पुढे शतकानुशतके देशाच्या मोठ्या भागात प्रमाण मानला गेला. तो ग्रंथ संस्कृतात आहे. आम्ही स्वतः संस्कृत पाठशाळेत वाढलो. त्या भाषेचे ऋण आमच्यावर आहे आणि तिची निंदा आमच्याकडून होणार नाही. परंतु ज्या शेतकऱ्याच्या भावांची वाटणी त्या ग्रंथाने ठरे, त्याला त्यातील एक ओळही कळत नसे. त्याच नगरीत काही दशकांनी शरणांनी लोकांच्या कन्नडात वचने रचली. मोळी विकणारा, चांभार, नावाडी, दळण-कांडण करणारी स्त्री, ज्यांना आजवर केवळ ऐकण्याचा अधिकार होता, तेही बोलू लागले. शरणांनी संस्कृताशी वैर धरले नाही. संस्कृत येते की नाही, यावर माणसाची योग्यता ठरविण्याची जी चाल होती, ती त्यांनी मोडली.

येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घ्यावी. कन्नड ही तेव्हा लोकांची भाषा होती म्हणून ती वचनाची भाषा झाली. ती स्वतः पवित्र आहे म्हणून नव्हे. परंपरा सांगते की मोळिगेय मारय्या काश्मीरहून आले, आदय्या सौराष्ट्रातून आले. अनुभवमंटपात प्रवेशासाठी कोणाच्या जन्मभाषेची चौकशी झाली नाही. आणि पुढे जेथे भक्त मराठी बोलत होते, तेथे मन्मथस्वामींनी 'परमरहस्य' मराठीत सांगितले. कन्नडात सांगितले नाही म्हणून ते शरणमार्गापासून ढळले, असे कोणी म्हणेल काय?

त्याच कल्याणचा पुढचा इतिहासही पाहावा. १९४८ पर्यंत ते निजामाच्या राज्यात होते. त्या राज्यात बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणारी; कारभार मात्र आधी फारसीत आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून उर्दूत चाले. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले आणि उच्च शिक्षण इंग्रजीऐवजी एका भारतीय भाषेतून देण्याचे मोठे काम त्याने केले. ते काम थोर होते, हे मोकळेपणाने मान्य करावे. पण ती भाषा बहुसंख्य प्रजेच्या घरातली नव्हती. मराठवाड्यातील आपल्या वडीलधाऱ्यांनी हा अनुभव घेतला आहे.

आणि आता जे सांगतो ते आपल्याला बोचेल, तरी सांगतो. १९२१ साली हैदराबादेत समाजसुधारणेसाठी एक परिषद भरली होती. तेथे एक वक्ता तेलुगूत बोलू लागला, तेव्हा सभेतील मराठी मंडळींनी गोंगाट करून त्याची थट्टा केली. त्या अपमानातून तेलुगू भाषकांची संघटना उभी राहिली आणि पुढे तिची आंध्र महासभा झाली. विचार करा, वाचकहो. स्वतः उर्दूच्या दडपणाखाली असलेल्या माणसांनी संधी मिळताच दुसऱ्याच्या भाषेला हसून घेतले. दोष भाषेत नसतो. आपल्या भाषेची सत्ता चालू लागली की प्रत्येकाच्या मनात तो उगवतो. मराठीही त्याला अपवाद नाही आणि कन्नडही नाही.

स्वतंत्र भारताच्या घटनासमितीने १४ सप्टेंबर १९४९ रोजी ठरविले की देवनागरी लिपीतील हिंदी ही संघराज्याची राजभाषा राहील आणि पंधरा वर्षे इंग्रजी सोबत चालेल. राज्यांना आपली भाषा ठरविण्याची मोकळीक दिली. पुढे १९५९ साली पंडित नेहरूंनी संसदेत आश्वासन दिले की अहिंदी प्रांतांना हवे तोवर इंग्रजी काढली जाणार नाही. हे एक वचनच होते. परंतु १९६३ च्या कायद्यातील शब्दरचना अशी होती की इंग्रजी चालू 'राहील' की 'राहू शकेल', याचीच शंका उरली. १९६५ च्या जानेवारीत मद्रास प्रांत पेटला. काही तरुणांनी स्वतःला जाळून घेतले, गोळीबारात माणसे मेली. तेव्हा लालबहादूर शास्त्रींनी ११ फेब्रुवारीला आकाशवाणीवरून नेहरूंचे वचन पाळले जाईल असे सांगितले आणि १९६७ च्या दुरुस्तीने ते कायद्यात उतरले. वचन संदिग्ध ठेवल्याची किंमत माणसांच्या प्राणांनी मोजावी लागली. वचन स्पष्ट केल्यावर देश एकत्रच राहिला.

शेजारच्या श्रीलंकेने दुसरा मार्ग धरला. १९५६ साली एकट्या सिंहलीला राजभाषा केले. तमिळ भाषक नोकरीतून आणि कचेरीतून मागे ढकलले गेले. १९५८ साली दंगली झाल्या. तमिळलाही राजभाषेचे स्थान १९८७ साली मिळाले, पण तोवर यादवी युद्ध सुरू झाले होते आणि ते २००९ पर्यंत चालले. युद्धाची कारणे अनेक असतील. परंतु ज्या देशाला भाषेने एक करायचे होते, त्याची दुफळी वाढविण्यात त्या कायद्याचा वाटा होता, हे नाकारता येत नाही.

यावरून आमचा सिद्धान्त असा. कारभाराची भाषा आणि गाऱ्हाण्याची भाषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राज्याने आपली दप्तरे कोणत्या भाषेत ठेवावीत, प्रांताप्रांतांत पत्रव्यवहार कोणत्या भाषेत करावा, हा सोयीचा प्रश्न आहे. तेथे एक भाषा ठेवा, दोन ठेवा, धर्म आड येत नाही. परंतु माणसाचे दुःख ऐकताना 'आधी माझी भाषा बोल' अशी अट घालण्याचा अधिकार कोणत्याही राज्याला नाही. आपल्या घटनेचे ३५० वे कलम हेच सांगते. संघात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा प्रत्येकास हक्क आहे. मात्र उत्तर कोणत्या भाषेत यावे, याबद्दल ते कलम काही सांगत नाही. कान दिला, जीभ राहिली. अमेरिकेत १ मार्च २०२५ रोजी राष्ट्राध्यक्षांनी इंग्रजीला अधिकृत भाषा ठरविणारा आदेश काढला. इंग्रजी न येणाऱ्यांना सरकारी सेवा कळाव्यात यासाठी २००० साली निघालेला आदेश त्याच वेळी रद्द झाला. पहिल्या गोष्टीवर दोन मते असू शकतील. आम्हांला काळजी वाटते ती दुसऱ्या गोष्टीची.

कोणी म्हणेल, स्वामीजी, २०११ च्या जनगणनेत दहा हजारांहून अधिक भाषक असलेल्या १२१ भाषा नोंदल्या आहेत. सगळ्यांची सोय कशी करणार? सगळी दप्तरे सगळ्या भाषांत लिहा, असे आमचे म्हणणे नाही. त्या त्या गावच्या खिडकीवर त्या गावची भाषा जाणणारा एक माणूस असावा, एवढेच मागणे आहे. त्याला खर्च येईल. दासोहालाही खर्च येतोच. म्हणून भुकेल्याला परत पाठविण्याची आपली रीत नाही.

हे सारे आम्ही राज्याला सांगत आहोत, पण आमची चूकही आपल्यापुढे मांडली पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका सोमवारी सीमेपलीकडच्या खेड्यातून एक वृद्ध माता मठात आल्या. त्या केवळ कन्नड बोलत. त्यांच्या गावची कन्नड बोली आम्हांला तेव्हा नीट उमगत नसे. "अप्पावरू, अप्पावरू" म्हणत त्या हातातला कागद पुढे करीत होत्या. गर्दी होती. आशीर्वाद मागत असतील असे समजून आम्ही विभूती दिली, संस्कृतात आशीर्वचन म्हटले. त्या नमस्कार करून गेल्या. पुढच्या सोमवारी त्या पुन्हा आल्या, तेव्हा दासोहात भाकऱ्या करणाऱ्या एका बाईंनी त्यांचे म्हणणे ऐकून घेतले. पतीच्या पश्चात जमिनीचा फेरफार होत होता. त्याची ती नोटीस होती, मराठीत लिहिलेली. हरकत घेण्याची मुदत दोन दिवसांपूर्वी संपली होती.

त्याच महिन्यात सीमेच्या या बाजूचा एक मराठी शेतकरी कन्नडातली तशीच नोटीस घेऊन आमच्याकडे आला होता आणि त्याचे ऐकून आम्हांला राज्याचा राग आला होता. मातेच्या बाबतीत मात्र राग कोणावर धरावा? जी नोटीस त्यांना कळली नाही ती मराठीत होती, आणि जे आशीर्वचन कळले नाही ते संस्कृतात होते. कचेरीने जे केले, तेच आम्ही गादीवर बसून केले. पुढे वकिलामार्फत त्यांनी अपील केले. त्यांचा एक आठवडा मात्र आम्ही वाया घालविला.

तेव्हापासून मठात दोन नियम आहेत. वचन आधी कन्नडात म्हटले जाते आणि लगेच मराठीत अर्थ सांगितला जातो. सोन्नलिगेचे सिद्धराम, म्हणजे आपल्या सोलापूरचे सिद्धरामेश्वर, कन्नडात बोलले आणि त्यांचे आजचे बहुसंख्य भक्त मराठी बोलतात. दोघांच्या मध्ये दुभाषा होणे हे आमचे कायक आहे. दुसरा नियम असा की सोमवारी दासोहाच्या वेळी दोन्ही भाषा वाचणारा एक जण बसतो आणि कोणाचाही कागद वाचून दाखवतो. तो मराठी की कन्नड, सीमेच्या या बाजूचा की त्या बाजूचा, हे विचारत नाही.

त्या तरुण भक्ताला आम्ही हेच उत्तर दिले. राजभाषा एक असावी की अनेक, हे संसदेने ठरवावे. पण तुझ्या दारी कोणी परक्या भाषेत काही सांगू लागला, तर त्याला हसू नकोस, त्याला घाईने वाटेला लावू नकोस. ज्याला ती भाषा येते त्याला हाक मार आणि दोघांना बसवून पाणी दे. गोव्यात असा, बेळगावात असा, इंदुरात असा की हैदराबादेत, वाचकहो, आपल्यालाही आमची हीच विनंती आहे.

शरणु शरणार्थी.